चार बोटांवर आधार

माझ्या व्याह्यांइतका मोकळ्या आकाशाचा ध्यास घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. उडत्या बगळ्यांकडे बघून डोळे पाणावणारी माणसं मला पुष्कळ माहीत आहेत, पण ती थोड्या वेळानं घरी जाऊन जेवतात. माझ्या व्याह्यांनी आकाशासाठी नऊ वर्षं दिली, आणि ती सगळी शिरोली एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, उताणं पडून, तोंडात बॅटरी धरून काढली.

त्यांचा मूळ धंदा पंपांचे सुटे भाग लेथवर कातून देण्याचा. तो त्यांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या, हाती दिला आणि परदेशातून नकाशे मागवून दोन माणसांचं विमान स्वतः बांधायला घेतलं. विमानाचं धड, पंख आणि शेपटी दोन वर्षांत उभी राहिली. इंजिन सहा महिन्यांत बसलं. उरलेली साडेसहा वर्षं तारांची आहेत. तारा दोन जातीच्या असतात, हे मला फार उशिरा कळलं. एक वीज नेणाऱ्या आणि दुसऱ्या पोलादी. पायाखालचं पेडल दाबलं की शेपटीचं सुकाणू वळतं ते या पोलादी तारांमुळे. माझ्यासारख्याला वाटतं, तार इथून तिथं नेली की झालं. व्याह्यांच्या मते इथं आणि तिथं ही दोन टोकं क्षुल्लक आहेत. खरा प्रश्न मधल्या प्रवासाचा आहे. त्यांचा नियम एकच: चार बोटांच्या पुढं तार आधारावाचून राहता कामा नये. "पावणं, तार म्हंजे माणूसच की," ते मला म्हणाले होते. "मोकळं सोडलं की हालतंय, हाललं की घासतंय, घासलं की उघडं पडतंय. मग ठिणगी पडाय किती येळ?" तार आणि पेट्रोलचा पाईप यांच्याबद्दलचं त्यांचं मत तर कुठल्याही समाजशास्त्रज्ञानं टिपून घ्यावं असं आहे. त्या दोघी जावा आहेत. एका घरात राहाव्यात, पण चूल वेगळी पाहिजे, आणि तार नेहमी वरच्या अंगाला. कारण पाईप आज ना उद्या गळणार, तेव्हा तो तारेवर गळता कामा नये.

हा नियम शेडपुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. माझ्या मुलीला बघायला ते आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर आले, तेव्हा पोह्यांच्या आधी त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. आमच्या मीटरच्या खालून एक वायर बारा वर्षं लोंबत होती आणि तिच्यावर कुणाचाही आक्षेप नव्हता. ती भिंतीला लागल्यावरच ते खुर्चीत नीट बसले. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला: "इस्त्री झाल्यावर वायर कशी गुंडाळतीस, बाळ?" ती म्हणाली, "इस्त्री गार झाल्यावर. सैल." व्याह्यांनी बायकोकडे पाहिलं आणि लग्न ठरलं. पत्रिका नंतर जुळवल्या, त्याही बिचाऱ्या जुळल्या. लग्नाच्या फोटोंत ते फारसे दिसत नाहीत, कारण अक्षतांच्या वेळेपासून ते स्टेजखाली डेकोरेशनवाल्याच्या वायरी वेगळ्या करत होते. एका फोटोत स्टेजच्या झालरीखालून दोन पाय बाहेर आलेले आहेत. बूट नवे आहेत, एवढ्यावरून ते वरपिता आहेत हे ओळखायचं. पुढं माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते भेटायला आले, प्रकृतीची चौकशी करायचं विसरले आणि सलाईनच्या नळीला पलंगाच्या दांडीवर चार चार बोटांवर दोऱ्यानं बांधून गेले. मला घरी सोडलं त्या दिवशी सिस्टरला कात्री आणावी लागली.

हा दोराही त्यांचा खास. तारांचं जुडगं बांधायला बाजारात प्लॅस्टिकचे पट्टे मिळतात, पण त्यांची कापलेली टोकं हाताला ओरखडतात आणि उन्हानं पट्टे कडक होऊन तुटतात, म्हणून व्याह्यांनी मेण लावलेला दोरा धरला. मात्र त्यांची गाठ सरकायची. एक वर्ष या सरकण्यात गेलं. एकदा विहीणबाई जेवणाचा डबा घेऊन शेडवर गेल्या, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही गाठ हाय व्हय? हिच्यात अबोलीसुदीक थांबायची न्हाई." आणि त्यांनी गजरा बांधतात तशी, एकाच दोऱ्यात जागच्या जागी आवळत जाणारी गाठ मारून दाखवली. ती हलेना. त्या दिवसापासून शेपटीचं काम विहीणबाईंकडे गेलं. शेपटी निमुळती, व्याह्यांचे खांदे तिच्यात मावत नाहीत. विहीणबाई पदर खोचून आत सरपटत जायच्या आणि व्याही बाहेरून ओरडायचे, "बोटं मोज."

आतून आवाज यायचा, "माझी का तुमची?"

"माझी."

"मग तुमीच या आत."

अर्थात विहीणबाईंची बोटं बारीक, त्यामुळे या विमानाच्या शेपटीत तारांना जेवढे आधार आहेत तेवढे आमच्या घराण्यात कुणालाही मिळालेले नाहीत.

हे असंच आणखी नऊ वर्षं चाललं असतं, पण मध्ये व्याह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ते विमान चालवायला रीतसर शिकून आले होते. परंतु विमान चालवायला डॉक्टरी दाखला चालू असावा लागतो. त्यांच्या दाखल्याची मुदत गेल्या दिवाळीच्या पाडव्याला संपत होती, आणि साखर बघता पुढचा दाखला मिळणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं. व्याह्यांनी मला ही बातमी हवामान सांगावं तशी सांगितली. "एकदा उडवायचं, पावणं. एकट्यानं. माझ्या हातानं. मग ऱ्हाऊ दे शेडमधी." नऊ वर्षांत त्यांनी उडण्याचा उल्लेख केलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. मूळचे बेळगावचे, विमानांच्या दुरुस्तीत जन्म गेलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांची सही झाली की उडायला मोकळीक, आणि पाडव्याला वीस दिवस बाकी. मला आग्रहानं बोलावलं होतं, म्हणून मीही होतो. त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत इंच इंच बघितलं. आरसा घालून, बॅटरी मारून, तारा ओढून पाहिल्या. काही मिळेना. चेहऱ्यावर कौतुकापेक्षा संशय दिसत होता. शेवटी त्यांनी शेपटीची झाकणी काढली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"हे काय की ओ?" आतून प्रश्न आला.

ते लिंबू होतं. लिंबू आणि सात मिरच्या. दोन दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडे त्या दिवशी लेथपासून पान्ह्यापर्यंत सगळ्या हत्यारांची पूजा होते, गाड्यांना हार पडतात. विमानाला वगळणं विहीणबाईंना पटणारं नव्हतं. मात्र लिंबू-मिरची दोऱ्यानं लोंबत सोडायची, तर नऊ वर्षांची शिकवण आड येत होती. म्हणून त्यांनी लिंबाला, तारांना लावतात तसा, मापाचा, आतून रबर लावलेला क्लॅम्प बसवला होता, आणि मिरच्या गजऱ्याच्या गाठीनं एकेक वेगळी आवळली होती. एकही दुसरीला घासत नव्हती. सगळं पोलादी तारांपासून चांगलं वीतभर लांब.

"एवढं नीट बांधलेलं लिंबू मी उभ्या नोकरीत बघिटलं नाही," तपासनीस म्हणाले. "ते तेवढं काढा. क्लॅम्प राहू दे. मी सही करतो."

व्याह्यांनी आत बॅटरी मारून पाहिलं. मग म्हणाले, "रिकामा क्लॅम्प?"

"राहिला तर काय होतंय?"

"उद्या कुणी उघडून बघितलं तर म्हणंल, हितली तार कुठं गेली?"

"कोण बघणार की ओ?"

"मी बघीन की."

आता तो क्लॅम्प ज्या स्क्रूवर होता, त्याच स्क्रूवर मुख्य तारांच्या जुडग्याचाही आधार होता. एक काढायचा तर दुसरा सोडवायचा, स्क्रू आखूड घालायचा, गाठी पुन्हा मारायच्या. आणि तपासलेलं काम एकदा उघडलं की ते पुन्हा तपासावं लागतं. तपासनिसांनी हे सगळं सांगितलं, आणि आपण दिवाळीनंतरच परत येऊ शकतो, हेही सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, घ्या की सही." मीसुद्धा, ज्याला या विषयात मत असण्याचं कारण नाही, म्हणालो की एक रिकामा क्लॅम्प चालेल. व्याह्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघांनी मिळून पेट्रोलचा पाईप तारेच्या वर नेला होता. तपासनीस चहा पिऊन सही न करता गेले.

मधल्या दिवसांत मी एकदा फराळाचं द्यायला शेडवर गेलो. विहीणबाई शेपटीत होत्या, व्याही बाहेर स्टुलावर. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही.

"माझ्यामुळं झालं," आतून आवाज आला.

"तुझ्यामुळं कशाला? बांधलं हुतंस नीटच की."

व्याह्यांनी स्टूल शेपटीजवळ सरकवलं. मग व्याही म्हणाले, "बोटं मोज."

"तुमचीच मोजाय लागलेय," विहीणबाई म्हणाल्या.

मी डबा लेथवर ठेवून निघून आलो.

पाडवा गेला. तपासनीस आले आणि पाव तासात सही करून गेले. एका खाजगी धावपट्टीवर विमान नेलं. एका तरुण पायलटनं ते एकट्यानं पाच-सहा वेळा उडवून आणलं. खाली उतरून तो म्हणाला की इतकं गप्प विमान त्यानं चालवलेलं नाही, आत काहीच वाजत नाही. शेजारच्या सीटवर बसायला दाखला लागत नाही. म्हणून एका सकाळी व्याह्यांना तिथं बसवलं. मुलगी, जावई, मी, सगळे गेलो होतो. विहीणबाईंनी नारळ वाढवला. विमान धावलं, जमीन सुटली, उसाच्या वरून वळून गेलं आणि लहान होत गेलं. विहीणबाई नारळाची वाटी हातात धरून वर बघत राहिल्या. ते परत उतरेपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

अकरा मिनिटांनी व्याही उतरले. मी विचारलं, "वरून कसं दिसतं?"

ते पायलटकडे वळून हळूच म्हणाले, "नदी कुठल्या अंगाला ऱ्हायली?"

"डावीकडे होती, काका. बराच वेळ होती."

"असंल," व्याही म्हणाले, आणि एकदा डावीकडे पाहिलं. तिथं उसाचा ट्रॅक्टर उभा होता.

पायलटनं नंतर मला सांगितलं, की जमीन सुटल्यापासून टेकेपर्यंत काका मान खाली घालून समोरच्या पॅनेलखालच्या तारांवर बॅटरी मारत होते. पॅनेलच्या कडेचा आडवा वळ त्यांच्या कपाळावर तीन दिवस होता.