देवीपुढे कानडीत बोलले तेव्हा

हात गेल्यानंतरचे दोन महिने मी कुणावरही विश्वास ठेवला नाही, हे आधी कबूल करते. देवीवरही नाही. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी प्रेस मशीनवर होते. हात आत असताना मशीन थांबवणारा सेन्सर होता, पण तो चालू असला की माल कमी निघतो म्हणून बंद ठेवलेला असायचा. एका दुपारी उजव्या हाताची तीन बोटं गेली. घरच्या देव्हाऱ्यात यल्लम्माचा फोटो होता. दवाखान्यातून आल्यावर मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी जत तालुक्यातली. आमच्याकडे घरात आणि शाळेतही कानडीच. मराठी इथे येऊन शिकले, बोलायला आणि मग वाचायला. इंग्रजीचं मात्र एक अक्षर येत नाही. आमच्या ऑफिसातले साहेब बेळगावकडचे. ते दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले आणि म्हणाले, "तंगी, घाबरू नको." कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. परक्या ठिकाणी आपली भाषा कानावर पडली की माणूस विरघळतं. सहीचा हात बांधलेला, म्हणून त्यांनी इंग्रजी कागदावर दाखवलं तिथे मी डाव्या हाताचा अंगठा उठवला. रजेचा अर्ज आहे म्हणाले. घरी आल्यावर तो अंगठा मला डाचायला लागला.

मग एका शनिवारी ते खोलीवर आले. इंग्रजीत टाइप केलेली पाच-सहा पानं दिली. "विम्याची कागदं आहेत. सोमवारी न्यायला येतो, अंगठा करून ठेव." कानडीत वाचून दाखवा म्हटलं, तर त्यांनी घड्याळ बघितलं आणि "तुझ्या भल्याचंच आहे, तंगी," म्हणून जिना उतरले.

आमचे हे चाकणला गोदामात माल चढवतात. ते म्हणाले, "आपल्याकडचं माणूस हाय, कर की अंगठा." साहेबांनी त्यांना कंपनीत पर्मनंट करायचा शब्द दिलाय, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. तेव्हापासून मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडेही चोरून बघायला लागले. शेजारीण म्हणाली, "मोबाइलवर फोटो काढते, भाषांतर होतं." मला वाटलं, तो फोटो कुणाला पाठवेल कुणास ठाऊक. नको म्हटलं.

रविवारी दुपारी कागद पिशवीत घालून मी वस्तीजवळच्या देवीच्या देवळात गेले. गाभारा अर्धवट बंद होता, आत कुणी नव्हतं. मी हात जोडले नाहीत. जोडता येतही नव्हते. कानडीत मोठ्यानं बोलले, म्हणजे भांडलेच. "तू बघत होतीस ना माझा हात जाताना? मग आता सांग या कागदात काय लिहिलंय ते. आणि माझ्या भाषेत सांग. नाहीतर उद्या अंगठा करते आणि तुझं नाव टाकते."

मागून कानडीतच आवाज आला, "कसला कागद गं, तंगी?"

मी पिशवी छातीशी घट्ट धरली. खांबाला टेकून साठीच्या पुढची एक बाई बसली होती. सुती इस्त्रीची साडी, चष्मा, मांडीवर पर्स. कानडी बोलणाऱ्या माणसानंच मला एकदा गुंडाळलं होतं. मी विचारलं, "साहेबांनी पाठवलंय तुम्हाला?"

"कुठले साहेब?" त्या गोंधळल्या. "मी धारवाडची. हिंजवडीजवळ माणला मुलाकडे आलेय, तो आयटीत आहे. मोशीला नणंदेकडे निघाले होते, चुकीच्या बसमध्ये बसले. मराठी बोलता येत नाही, फोनची बॅटरी संपली. उन्हात कुठे फिरू म्हणून इथे बसले."

मी उलटसुलट विचारलं. धारवाडात काय करत होता? शाळेत इंग्रजी शिकवत होते. नवरा? वारला. शेवटी मी फक्त मधलं एक पान काढलं आणि गेटवरच्या पाटीमुळे आकारानं ओळखीचं झालेलं कंपनीचं नाव बोटानं झाकून पुढे केलं. त्यांनी वाचलं, परत वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "यात लिहिलंय की तुझा हात घरी, पाण्याच्या मोटरीत सापडला. नोकरी तू आपल्या मर्जीनं सोडतेस आणि कंपनीबद्दल तुझी काही तक्रार नाही."

 माझ्या तोंडातून आलं, "तुम्ही खोटं बोलत असाल तर?"

त्या रागावल्या नाहीत. "ठेवूच नकोस माझ्यावर विश्वास. मी कानडीत लिहून देते. उद्या दुसऱ्या कुणाकडून हे पान वाचून घे आणि जुळतंय का बघ. तोवर अंगठा करू नकोस." पर्समधल्या वहीचं पान फाडून त्यांनी लिहिलं. किती वर्षांनी मी माझ्या शाळेतली ती गोल अक्षरं पाहिली. मी ती स्वतः वाचली, कुणाच्या मदतीशिवाय, आणि तिथेच रडले.

त्यांना मोशीच्या बसमध्ये मी बसवलं. कंडक्टरला कुठे उतरवायचं ते सांगितलं. आणि बस नजरेआड होईपर्यंत थांबले. काळजीनं थांबले असं वाटेल, पण खरं सांगायचं तर पुढच्या स्टॉपवर उतरून त्या साहेबांना तर भेटत नाहीत ना, हे मला बघायचं होतं. नमस्कारही केला नाही. नावही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी कामगार विम्याच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना ते पान दाखवलं. त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी कानडी चिठ्ठीवर बोट फिरवत गेले. ओळ न् ओळ जुळली. सिस्टरनी माझा पहिल्या दिवसाचा केसपेपर काढला. त्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'कामावर, प्रेस मशीनमध्ये.' त्याची प्रत घेऊन आम्ही विम्याच्या कचेरीत गेलो. हो, आम्ही. मी घरी येऊन चिठ्ठीतलं सगळं वाचून दाखवलं, तेव्हा आमच्या ह्यांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "चल. आज सुट्टी टाकतो." संध्याकाळी साहेब आले, तेव्हा अंगठा न केलेले कागद यांनीच परत दिले.

पुढे आठ महिने गेले. चौकशी झाली, कंपनीला अपघाताचा खरा रिपोर्ट द्यावा लागला, मेडिकल बोर्डानं हात तपासला, आणि दरमहा पेन्शन सुरू झाली. दवाखान्यात अंगठा उठवलेला तो पहिला कागद खरंच रजेचा अर्ज निघाला. म्हणजे माझी शंका एकीकडे खरी होती, एकीकडे खोटी.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. एक बाई चुकीच्या बसमध्ये बसली, एवढंच घडलं. पण मी भांडून जे मागितलं, ते मागितल्या जागी, मागितल्या भाषेत मिळालं. शरण जायचं म्हणजे शंका देवळाबाहेर चपलांसारख्या काढून ठेवायच्या, असं मला वाटायचं. माझ्या शंका काही सुटत नाहीत, म्हणून मी देवीपासून लांब राहिले होते. आता दर रविवारी त्या सगळ्या शंकांसकट आत जाऊन बसते. तिनं अजून एकदाही मला बाहेर थांब म्हटलेलं नाही.