कोरड्या हौदातली मांजरं

औशातल्या त्या गल्लीतली मांजरं पिसाळलेली नव्हती. ती पिसाळलीत असं मी सांगितलं आणि माझ्या सांगण्यावरून ती मारली गेली. एवढं लिहायला मला चाळीस वर्षं लागली. ज्या बाईची ती मांजरं होती, तिला ती गल्ली अजून 'पिसाळलेल्या मांजरांची अक्का' म्हणते. ते नाव पुसलं जावं म्हणून हे लिहितो आहे. माझं काय व्हायचं ते होईल.

मी औशाच्या ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची वेसण धरून उभं राहणं हे माझं काम. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आमचे डॉक्टर आठवड्यातले चार दिवस तिकडे मीटिंगला असत, नाहीतर जनावरांच्या छावणीवर. दुष्काळ होता. दवाखान्याच्या दारात आणलेलं जनावर एकदा बसलं की उठत नसे. डॉक्टर नसले की लोक मलाच 'डागदरसाब' म्हणत. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

अक्का दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एकटी राहायची. लिंगायत, विधवा, चाळिशीची. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी. पहिल्यांदा आली ती पदरात मांजर गुंडाळून. कुणीतरी त्याच्या पाठीवर उकळतं तेल ओतलं होतं. कातडी सुटून लोंबत होती आणि आत अळ्या वळवळत होत्या.

"ह्येला बघ की रे," ती म्हणाली.

"अक्का, ह्यो ढोरांचा दवाखाना हाय."

"मग ह्ये काय मानूस हाय?"

मी टर्पेंटाइनचा बोळा घेतला. मांजरानं माझं मनगट फाडलं. अक्कानं त्याला पोत्यात गुंडाळून मांडीखाली दाबलं आणि मी चिमट्यानं एकेक अळी काढली. ते वाचलं. नंतर ती दर आठ-दहा दिवसांनी येऊ लागली.

त्या वर्षी मांजरांचे हाल का झाले ते सांगायला हवं. रानात दाणा नव्हता, म्हणून उंदीर गावात आले आणि त्यांच्यामागं मांजरं. घराघरांत दूध पेल्यानं मोजून घ्यायची वेळ. त्यात मांजरानं तोंड घातलं की बाया पिसाट होत. पण मांजर मारता येत नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक. म्हणून लोक मारणं सोडून बाकी सगळं करत. डोळ्यांत चटणी टाकत. शेपटाला तार आवळत. पोत्यात कोंबून वेशीबाहेर उन्हात टाकून येत. आपल्या हातानं जीव गेला नाही म्हणजे पाप नाही. मी अशी पोती उघडली आहेत. काही आतून हलत असत, काही नसत.

अक्काच्या परसात एक दगडी हौद होता, पुरुषभर खोल. पाणीच नसल्यानं तो वर्षभर कोरडा पडला होता. तिनं त्यात शिडी सोडली आणि मांजरांचं घर केलं. मोठी धडधाकट झालेली मांजरं उड्या मारून जा-ये करत. रानटी पिल्लांना मात्र माणसाळेपर्यंत बाहेर पडता येत नसे. अक्का रोज तासभर खाली जाऊन वाती वळत बसायची. पिल्लं कोपऱ्यात फिसकारत राहायची.

"त्येंच्याकडं बगायचं न्हाई," ती मला सांगायची. "डोळा लावला की त्येला वाटतंय ह्ये आता आपल्याला खातंय."

आणि खरंच, सातव्या-आठव्या दिवशी एखादं पिल्लू वातीशी खेळायला येई.

नुसत्या भाकरीवर जखमा भरत नाहीत, हे मी तिला सांगितलं होतं. ती अंड्याच्या टरफलाला न शिवणारी बाई. मी खाटकाकडून छिछडे, म्हणजे मटणाचे टाकाऊ तुकडे, आणून कागदात गुंडाळून परसाच्या भिंतीवर ठेवायचो. ती तोंड फिरवून सांडशीनं एकेक तुकडा हौदात टाकायची, मग सांडशी राखेनं तीनदा घासायची आणि स्वतः आंघोळ करायची, त्या पाणीटंचाईच्या दिवसांत. यावरून तिच्या भावकीनं तिला पंगतीत बसवणं सोडलं. "न्हाई बसवलं तर न्हाई," ती म्हणाली, "मला एकटीलाबी जेवता येतंय."

एक पांढरं मांजर एसटीच्या चाकाखाली सापडलं. पुढचा पाय नुसत्या कातड्यावर लटकत होता. डॉक्टर लातूरला होते. मी अंबाडीच्या दोऱ्यानं वर आवळून बांधलं आणि कात्रीनं पाय तोडला. अक्कानं त्याचं डोकं धरलं होतं. ते वाचेल असं मला वाटलं नव्हतं. वाचलं, आणि तीन पायांवर हौदाच्या काठानं पळायला लागलं. सगळ्या मांजरांत तेवढं एक माझा आवाज ओळखायचं.

गल्लीच्या तोंडाशी एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ज्वारीची थप्पी उंदरांनी खालून पोखरली होती. अप्पांनी मला बोलावलं.

"डागदरसाब, उंदराचं औषध कालवून द्या. तुमचा हात बसलेला हाय."

मी काळी पूड आणली, ज्वारीच्या पिठात गोडंतेल घालून कालवली, गोळ्या केल्या.

"उंदीरच मरत्याल नव्हं?" अप्पांनी विचारलं. "मांजराचं पाप मला नको."

"उंदीरच," मी म्हणालो. विषानं मेलेला उंदीर मांजर खाणार, हे मला कळत होतं. अक्काला सांगून चार दिवस मांजरं कोंडायला लावणं एवढंच करायचं होतं. उद्या सांगू म्हणून मी ते पुढं ढकललं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत एक बोका आडवा पडला. तोंडाला फेस, पाय ताणलेले, मध्येच उसळून स्वतःभोवती गरगर फिरायचा आणि भिंतीवर आपटायचा. माणसं ओट्यांवर चढली. अक्का धावत आली, त्याच्यावर पोतं टाकून त्याला उचललं, तोंड उघडून मिठाचं पाणी ओतायला लागली. बोक्यानं तिच्या अंगठ्यात दात रुतवले. ते तिनं दुसऱ्या हातानं जबडा फाकवून काढले. मी पोचलो तेव्हा तिच्या पातळावर रक्त होतं आणि बोका शेवटचे झटके देत होता.

"ह्येच्या तोंडाला लसणाचा वास यायलाय," ती म्हणाली.

तो त्या पुडीचा वास होता. मला दहा हातांवरून आला होता. गल्ली जमली होती. अप्पा गोदामाच्या दारात उभे होते आणि माझ्याकडं बघत होते.

"छिछड्याला लसूण लागला असंल," मी म्हणालो.

"पिसाळलंय का रे?"

"हाव, अक्का. पिसाळलंय."

हा शब्द मी का उच्चारला हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं, पण उत्तर तेव्हाही माहीत होतं. विष घालून मांजर मारलं तर ते पाप कुणाच्या तरी माथी बसतं. मांजर पिसाळून मेलं तर कुणाच्याच नाही. एका शब्दात अप्पाही सुटले आणि मीही.

अक्कानं माझ्यावर विश्वास ठेवला. पिसाळलेलं जनावर चावलं तर तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. ती रोज सकाळच्या एसटीनं लातूरला जाऊन दुपारी परत येऊ लागली, पोट धरून. मी तिला संध्याकाळी एकटीला गाठून खरं सांगू शकलो असतो. पण तिनं विचारलं असतं, विष कुणी कालवलं.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन मांजरं गल्लीत फेसाळून मेली. त्याच्या पुढच्या सकाळी अक्काची गाडी गेल्यावर दहा-बारा माणसं दवाखान्यात आली. हातांत काठ्या, पहार, एकाच्या हातात मुसळ. पुढं बारदानवाला होता, फाटकी पोती शिवून विकणारा, माझ्याच वयाचा, अंगानं दांडगा.

"डागदरसाब, तिच्या हौदातली बी पिसाळली असत्याल का?"

मी म्हणालो, "लागण झाली असंल."

"मग मारली तर चालतंय?"

"चालतंय," मी म्हणालो.

अकरा मांजरं होती. बरीचशी पिल्लं. विषाच्या धाकानं नव्हे, चावऱ्या मांजरांच्या धाकानं अक्कानंच तीन दिवसांपासून मोठ्यांनाही आत ठेवून वर जाळी घातली होती. म्हणजे विषापासून ती वाचली होती. त्यांनी जाळी ओढून काढली. वरून आधी दगड टाकले. मांजरं भिंतीवर चढू पाहत आणि काठावरून काठ्या बसत. एक आई पिल्लू तोंडात धरून उडी मारत होती. पहार तिच्या पाठीत बसली तरी तिनं पिल्लू सोडलं नाही. मग चौघं शिडीनं खाली उतरले. आतून येणारा आवाज मांजरांचा होता की माणसांचा, कळत नव्हतं. बारदानवाला ओरडला, त्याच्या हाताला काहीतरी चावलं होतं. मुसळ दगडावर आपटल्याचा आवाज येत राहिला.

मग वर कुणीतरी म्हणालं, "डागदरसाब, तुमी काठावरच?"

"आलो," म्हणून मी उतरलो. खाली पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेली दोन-तीन मांजरं कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती आणि फिसकारत होती. पांढरं मात्र माझा आवाज ऐकून तीन पायांवर माझ्याकडं आलं आणि माझ्या पोटरीला डोकं घासलं. सगळे बघत होते. पिसाळलेलं जनावर असं येत नाही, हे एखाद्याच्या लक्षात येईल असं मला वाटलं. मी बारदानवाल्याच्या हातून काठी घेतली. पहिला घाव नीट बसला नाही. दुसराही नाही.

दुपारच्या गाडीनं अक्का आली. ती रडली नाही. शिडीनं खाली उतरली, अकराही एकेक करून पोत्यावर ठेवली, पिल्लं आयांजवळ. मी काठावर उभा होतो.

"ह्यातली किती पिसाळली व्हती?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सगळीच असत्याल."

तिनं चौदाही इंजेक्शनं घेतली. मांजरं मारताना ओरबाडल्या गेलेल्या तिघांनी घेतली. गल्लीनं त्याचा राग तिच्यावर काढला. टँकरच्या रांगेत तिची घागर ठेवू देईनात. एकदा तिनं ठेवली तर बायांनी ती लाथेनं उडवली, आणि ती उचलायला वाकली तेव्हा कुणीतरी मारलेल्या दगडानं तिचं कपाळ फुटलं. टाके मी घातले, ढोरांच्या सुईनं. "धागा नीट वढ," एवढंच ती बोलली. महिन्याभरात ती घर बंद करून नांदेडला बहिणीकडं निघून गेली.

माझी बदली भोकरला झाली, मग धर्माबादला. तिथूनच निवृत्त झालो. अप्पा वारले. मागच्या वर्षी मी पत्ता काढून नांदेडला गेलो. अक्का खाटेवर बसलेली होती, भाचीच्या घरात. दिसायला कमी आलं होतं, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. पुडीपासून पांढऱ्या मांजरापर्यंत.

ती तो चावलेला अंगठा चोळत होती.

"मी लसूण म्हणलं व्हतं तुला."

"हाव."

"तवा कामून बोलला न्हाईस?"

"भ्यालो, अक्का."

"आनि आता भ्या गेलं, व्हय? आता समदे मेल्यावर?" तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. भाचीला म्हणाली, "ह्येला वाटंला लाव." मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाली, "मला काय सांगतूस. मी तर तितं नव्हतेच. गल्लीला सांग."

गेल्या महिन्यात औशाला गेलो. गल्लीत ओळखीचं एकच माणूस उरलं होतं, बारदानवाला. मुलाच्या दुकानाबाहेर दाभण घेऊन पोतं शिवत बसला होता. मला बघून हसला, "या डागदरसाब" म्हणाला, चहा सांगितला. शेजारचे दोन-तीन जण टेकले होते. मी चहा घ्यायच्या आधीच बोललो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. दाभण पोत्यात खुपसून ठेवला.

"म्हंजी चांगली व्हती?"

"चांगली होती."

"समदी?"

"हौदातली सगळी."

"चाळीस वर्सं मी पोरांला सांगत आलो," तो हळू म्हणाला, "गल्ली वाचवली म्हनून. एक पिल्लू व्हतं, मुठीत मावायचं. चावलं मला. मी त्येला दगडावर..." तो थांबला. मग उठला, माझी गचांडी धरली आणि मला भिंतीवर आपटलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मानानं हातात जोर होता. मग एक चपराक कानावर बसली आणि चष्मा उडाला. मी हात वर केले नाहीत. लोकांनी त्याला धरलं. तो धापा टाकत होता आणि त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती.

"काय झालं, मामा? काय केलं म्हाताऱ्यानं?" पलीकडच्या दुकानातून कुणीतरी विचारलं.

"अक्काची मांजरं चांगली व्हती," तो म्हणाला.

त्या माणसाला ऐकू गेलं नाही. बारदानवाल्यानं स्वतःला सोडवून घेतलं, गल्लीकडं तोंड केलं आणि तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.