दाजींच्या हातचं वारं

"दाजी गेले गं," थोरली बहीण अक्का फोनवर एवढंच म्हणाली, आणि तिच्या मागे दाजींचं इंजिन फटफटत होतं. सकाळी त्यांनीच ते चालू केलं होतं. माणूस गेला आणि त्यानं लावलेली वीज अजून चालूच...

मंद्रूपला त्यांचा जर्सी गायींचा गोठा. शेण-मूत नालीतून टाकीत जायचं, तिथे कुजून गॅस व्हायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालून वीज व्हायची; तिच्यावर कडबाकुट्टी, पंखे, घरचे दिवे चालायचे. हे आता बरेच जण करतात म्हणा. पण टाकीच्या पोटात नेमकं काय चालतं, याचा दाजींएवढा नाद मी कुणात पाहिला नाही. लग्नात पंगत उठली की नवरा-नवरी राहिले बाजूला, यांची नजर उष्ट्याच्या बादलीवर! अक्का लाजून चूर व्हायची. मी चिडवलं तर म्हणायचे, "हसू नगंस, सुमन. टाकीत बुंदी घातल्यावर इंजिन कसं पळतंय, उद्या बघायला ये की." मी सोलापूरहून खरंच जायची. इंजिन पळायचं, की त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला तसं वाटायचं, हे अजून उमगलेलं नाही.

दहाव्याला सुतक फिटलं म्हणून भावकीतल्या बायकांनी घर धुतलं, आणि मायेपोटी गोठाही धुतला... भरपूर फिनेल ओतून. ते सगळं नालीतून टाकीत गेलं. शेण कुजवणारे जंतू मेले आणि आठवड्याभरात इंजिन गप्प झालं. पुण्याहून आलेला अक्काचा मुलगा म्हणाला, "आई, टाकी उपसून टाकू, नव्यानं भरू." त्याचं काही चुकत नव्हतं. पण अक्का टाकीच्या तोंडाशी जाऊन बसली.

"न्हाय उपसायची. ह्यांनी हातानं कालवलेलं शेण हाय त्यात."

घातलेलं शेण महिना-दीड महिना आत राहतं, हे दाजींनी मला कितीदा सांगितलं होतं. त्याचा असा अर्थ निघेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. मला रडू आवरेना.

मग अक्काने शेजारच्या मळ्यातल्या टाकीतली ताजी स्लरी, म्हणजे जिवंत जंतूंचं पातळ शेण, पिंपं भरून आणवली आणि दुधाला विरजण लावावं तशी आत सोडली. रोज थोडं पाणी, चिमूटभर म्हणावं इतकंच शेण, आणि वाट बघणं... परवा तिचा फोन आला, "ये."

इंजिन सुरू झालं तेव्हा ती गोठ्याकडे गेलीच नाही. सरळ दाजींच्या खोलीत गेली आणि तिथला पंखा लावला. रिकाम्या खाटेवर तो गरगरू लागला. मी सवयीनं बटणाकडे हात नेला. म्हटलं, "अक्का, कुणी नाही गं इथं."

"असू दे," ती म्हणाली. "त्यांच्याच हातचं वारं हाय. सपंस्तोवर फिरू दे."