नऊ किलोंची पोरगी

माझ्या आयुष्यात काहीही बिघडलं की आई एकच कारण सांगायची: नवस राहिलाय. दहावीला गणितात मार्क कमी पडले, नवस राहिलाय. पहिलं स्थळ मोडलं, नवस राहिलाय. नांदेडला माझी स्कूटी चोरीला गेली तेव्हा मी पोलिसांच्या आधी आईला फोन केला, ही माझीच चूक. गणिताचे मार्क तर खुद्द अण्णांच्या शिकवणीत कमी पडले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, अहमदपूरच्या शाळेत तीस वर्षं गणिताचे मास्तर. पण हे आईला कोण सांगणार?

नवस अण्णाच बोलले होते. मी दोन वर्षांची असताना न्यूमोनियानं पार गळाले, लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून अण्णा म्हणाले, पोरगी वाचली तर तिला पाठीवर घेऊन देवीचा डोंगर पायी चढेन. मी वाचले. अण्णा काही चढले नाहीत. आधी उन्हाळा सरू दे, मग पेपर तपासून होऊ देत, मग दिवाळी होऊ दे. असं करत चौतीस वर्षं गेली आणि पोरगी अडुसष्ट किलोंची झाली.

यंदा अण्णांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि आईनं अट घातली: आधी नवस, मग गुडघे. उलटं केलं तर सोपं जाईल, असं मी म्हणून बघितलं. आई म्हणाली, विकतच्या गुडघ्यांनी चढले तर त्यात यांचं काय?

आता अडुसष्ट किलो पाठीवर कसे न्यायचे? देवळाच्या गुरवाला विचारलं. त्यानं तोड काढली, की आजारपणात पोरीचं जेवढं वजन होतं तेवढा गूळ पाठीवर आणा आणि देवीला वाहा. आईनं पत्र्याच्या पेटीतून दवाखान्याचा पिवळा पडलेला कागद काढला. नऊ किलो. अण्णांनी मोंढ्याच्या बाजारातल्या दुकानातून गुळाची ढेप आणली. ती चाळीस ग्रॅम जास्त भरली तर दुकानदाराकडून तेवढा गूळ खरवडून काढून घेतला. नऊ म्हणजे नऊ, म्हणाले. दुकानदारही त्यांचाच विद्यार्थी, बिचारा काय बोलतो.

हा डोंगर मुखेडच्या वाटेवर, बालाघाटच्या रांगेत आहे. माझा नवरा पुण्याचा, तो याला टेकडी म्हणतो. त्यानं एकदा माझ्या वडिलांबरोबर चढून दाखवावी. खाली पायऱ्या, मधे पाय ठरू न देणारी मुरमाची चढण आणि शेवटी पुन्हा छातीवर येणाऱ्या उभ्या पायऱ्या. मागच्या अंगानं आता जीपचा रस्ता झालाय. आई ओटीचं सामान घेऊन त्या रस्त्यानं आरामात वर गेली आणि जाताना मला बजावून गेली, यांना मधेच जीपमधे बसू देऊ नकोस.

अण्णांनी ढेप आईच्या जुन्या लुगड्यात घालून पाठीला बांधली, रानात बाया लेकरू बांधतात तशी. चाळीस पायऱ्यांवर ते थांबले. मला म्हणाले, तुला दम लागलाय, बस जरा. मला काही दम लागला नव्हता. त्या दिवशी अण्णा माझ्या दमापायी अकरा वेळा बसले. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान हलवायचे, आजकालच्या पोरींत काही दम राहिला नाही म्हणायचे, आणि स्वतः पाण्याची अर्धी बाटली संपवायचे.

थोडा वेळ गाठोडं माझ्याकडे द्या म्हटलं, तर म्हणाले, स्वतःलाच उचलून नेतीस का? मग नवस कुणाचा? पुढं पाठीवरच्या ढेपेवर मायेनं थाप मारून म्हणाले, ही पोरगी लई गुणाची. उलटून बोलत न्हाई, मोबाइलमधे बघत न्हाई.

तोवर ऊन वर आलं होतं आणि गुणाची पोरगी पाझरायला लागली होती. अण्णांच्या शर्टावर पाठीभर गूळ, आणि मागं दोन मधमाश्या. म्हटलं, अण्णा, तुमची लाडकी गळून राहिली. ते मागं न बघताच म्हणाले, तूबी लहानपणी हेच करायचीस.

मुरमाच्या चढणीवर मात्र त्यांचा उजवा गुडघा वाकला तो सरळ होईना. पाय सरकला. पडताना माणूस जमीन धरतो, अण्णांनी मागं हात नेऊन गाठोडं धरलं. दोन्ही कोपरं सोलून निघाली. मी धावत गेले, त्यांना उठवून दगडावर बसवलं आणि मग माझी सटकली. गूळ सोडून जमीन धरायची ना, म्हटलं. आणि एवढंच होतं तर चौतीस वर्षं काय करत होतात? गुडघे धड होते तेव्हा सायकलवर गावं पालथी घालत होतात, तेव्हा एक डोंगर चढवला नाही? आईनं मला आयुष्यभर नवसावरून ऐकवलं, तेव्हा तुम्ही पेपरात तोंड घालून बसायचात.

अण्णांनी कोपराचं रक्त रुमालानं पुसलं. चेहरा उतरला होता.

"फेडला असता तर देवी मोकळी झाली असती, माय," ते म्हणाले. "राहिलाय म्हणून तिला तुझ्याकडं बघावं लागतं."

फळ्यावर एक पायरी गाळली तर पोराला बाकावर उभं करणारा हा माणूस, आणि चौतीस वर्षं देवीला असं अडकवून बसला होता. दिवाळी नाही, पेपर नाहीत, सगळी थाप. हसायला आलं. मग आता का चढताय, एवढंच विचारलं.

"आता भूल देणार. मी न्हाई उठलो तर नवस तुझ्या डोक्यावर यायचा."

ऑपरेशनला ते भ्यायलेत हे मला तेव्हा कळलं. गुडघ्याच्या ऑपरेशननं कुणी मरत नाही, तुमचा डॉक्टर रोज चार गुडघे बदलतो, असं मी बडबडत राहिले. ते हूं हूं करत उठले. शेवटच्या पायऱ्यांवर मी त्यांच्या मागून चालले, एक हात त्यांच्या गुळानं चिकट झालेल्या पाठीवर ठेवून. या वेळी तुला दम लागलाय असं ते म्हणाले नाहीत, त्यानं मला जास्त भीती वाटली.

तीन पायऱ्या राहिल्या आणि अण्णा बसले. वर घंटा वाजत होती. त्यांनी गाठोडं पुढं घेतलं, गाठ सोडली, ढेपेच्या कडेचा लिंबाएवढा खडा मोडला आणि माझ्यापुढं धरला.

"खा."

मी म्हटलं, देवीच्या आधी? आमच्या घरात नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी ताटाकडे बघितलं तरी आई हात मोडते.

"खा म्हणतो ना. नऊला जरा कमी पडू दे."

मी खडा तोंडात टाकला. अण्णांनी गाठ पुन्हा घट्ट बांधली, मोडलेली बाजू आत वळवून, आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. वर आई पदर खोचून उभीच होती. तिनं आधी अण्णांची कोपरं बघितली, मग शर्ट, मग गाठोडं, आणि विचारलं, सगळा आला ना गूळ? पुरा नऊ किलो?

"पुरा," अण्णा म्हणाले.

आई माझ्याकडे वळली. मास्तरांवर तिचा विश्वास कधीच नव्हता. तोंड भरलेलं, बोलायची सोय नव्हती. मी जोरात मान हलवली.

आईनं देवीकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, सुटली गं बाई माझी पोर एकदाची. अण्णा चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले ते बराच वेळ वर बघेनात. मी तो खडा चावला नाही. पुरवून पुरवून चघळत राहिले.