चाळणीतला कागद

बायको श्रावणात गेली आणि डिसेंबरात मुलीच्या शाळेनं नाताळच्या सुट्टीसाठी ‘मजेतून शिक्षण’ अशा नावाची यादी पाठवली. दहा उपक्रम. प्रत्येकाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, फोटोत पालक दिसले तर उत्तम. मी यादी वाचली, फोन पालथा घातला आणि चहा प्यायलो. चहाला चव नव्हती. पण चार महिने कशालाच नव्हती, तक्रार कुणाकडं करणार.

त्याच आठवड्यात गंगापूरहून मेहुण्याचा फोन आला.

“दाजी, पोरीला आमच्याकडं ठिवा. हितं तिच्या वयाची दोन लेकरं हायेत, मामी हाय. राग धरू नका, पण तुम्ही घरात असून नसल्यावानी झालाय. सुट्टी संपायच्या आत येऊन घेऊन जातो.”

मी राग धरला नाही. “बघू,” म्हणालो. खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. पोरगी जाणार हे ऐकूनही आत काही हललं नाही, म्हणजे तो म्हणतो ते बरोबरच असणार, असा माझा हिशेब. वाळूजच्या कंपनीत मी क्वालिटीत आहे. माल पास का फेल हे सांगायचा मला पगार मिळतो. बाप म्हणून मी फेल होतो, यात वादाला जागा नव्हती.

मुलगी दहा वर्षांची. मामाचं तिच्या कानावर गेलंच होतं, कारण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं काही लपत नाही.  तरी यादी तिनं मनावर घेतली. करवंटीत मेथी पेरली. गच्चीवर काठी उभी करून दर तासाला सावली मोजली, वहीत आकडे मांडले. ती सांगेल तिथं उभा राहून मी फोटो काढायचो.

“पप्पा, तुम्ही पण या ना फोटोत.”

“मग फोटो कोण काढंल?”

उत्तर बिनतोड होतं. त्याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

सहावा उपक्रम होता जुन्या कागदापासून नवा कागद करणं. दौलताबादच्या पुढं कागजीपुऱ्यात हातानं कागद करतात. तिथं तिची सहल जाऊन आली होती, त्यामुळं कृती तोंडपाठ. कागद फाडून रात्रभर भिजवायचा, मिक्सरमधून काढायचा, लगदा पाण्यात कालवून चाळणीवर घ्यायचा आणि फडक्यावर उलटा करून वाळवायचा. “हे एकट्याला नाही जमत,” ती म्हणाली. “एकानं चाळणी धरायची, एकानं ओतायचं.” नाही म्हणायलाही जोर लागतो. तेवढा नव्हता, म्हणून मी खाली बसलो.

रद्दी मी काढून दिली. आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं श्री लिहिलेला कागद रद्दीत जात नाही. माझी आई वरचा श्रीपुरता तुकडा फाडून देवघराखालच्या डब्यात ठेवते आणि कधी गोदावरीकडं जाणं झालं की नदीत सोडते. उरलेला कागद मग बिनधास्त रद्दी. त्यामुळं वरचं टोक फाटलेलं दिसलं की त्या कागदाचं काम संपलं, हे मी लहानपणापासून धरून चालतो. स्वयंपाकघराच्या खणात असाच एक गठ्ठा होता, सगळे कागद वरून फाटलेले. तो उचलला आणि आम्ही दोघं फाडायला बसलो. हात चालू, नजर भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी चाळणी धरली. गोल गोल कागद निघाले, भाकरीएवढे, करडे. गच्चीवर जुन्या लुगड्यावर ते वाळत घातले. दुपारी उलटायला गेलो, तर एका कागदात नखाएवढा तुकडा दळायचा राहिला होता. त्यावर निळ्या शाईत ‘जिरे पाव’ एवढंच होतं. रफारासारखा वर वळवलेला बायकोचा तो ज मी कुठंही ओळखला असता.

खाली येऊन आईला विचारलं, “खणातला गठ्ठा कशाचा होता?”

“तिच्या किराण्याच्या याद्या होत्या रे. ठिवल्या होत्या मी. श्री तेवढा काढला होता सवयीनं.”

“ते तुकडे?”

“दहाव्याला कायगावला नदीत सोडले नाय का? तूच तर होता माझ्यासंगं.”

बाकी तिचं सगळं फोनमध्ये. हातानं लिहिलेलं घरात तेवढंच उरलं होतं आणि ते मी मिक्सरला लावलं होतं. तरीही मी जिना शांतपणे चढलो. मुलगी कागदांवरून हात फिरवत बसली होती.

“तुला फाडताना दिसलं होतं का, अक्षर कुणाचं ते?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

ती कागद दाबत राहिली. “बोलले असते तर तुम्ही उठून गेला असता. आई गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच माझ्यासोबत खाली बसला होता.”

इथं मी रडलो असं लिहिलं तर बरं दिसेल. रडलो नाही. पण आत काहीतरी दुखायला लागलं, चांगलं खणखणीत दुखलं, आणि ते थांबू नये असं वाटलं.

रविवारी मेहुणा आला. चहा झाल्यावर इकडंतिकडं बघत म्हणाला, “पोरीचं सामान कुठाय?”

“ती इथंच राहील,” मी म्हणालो.

“दाजी, जमंल का तुम्हाला?”

“नाय जमणार बहुतेक. तरी इथंच राहील.”

 तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं, तर मुलगी पलंगाखालून बॅग बाहेर काढत होती. बॅग भरलेली होती. मामाचा फोन आला त्याच दिवशी तिनं ती एकटीनं भरून ठेवली होती. ती एकेक कपडा काढून कपाटात लावायला लागली. तळाशी तिचा लाल स्वेटर होता. गच्चीवर, सकाळच्या थंडीत, आठवडाभर ती शाळेचा विटका स्वेटर घालून का हिंडत होती, हे मला तेव्हा कळलं.