दिवा विझू द्या, साहेब

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात फ्लॉपीला माणसासारखा निरोप देणारा एकच गृहस्थ होऊन गेला, आणि तो आमच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, होता. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं तेव्हा आमच्याकडे संगणक आला. त्याच्यासाठी दाराला हार, उंबऱ्यावर नारळ आणि खिडकीला एसी आला. एसी आल्याबरोबर साहेबांच्या लक्षात आलं, की या यंत्रावर देखरेख हवी आणि ती उन्हाळ्यात दुपारी बारा ते चारच नीट होते. मी ऑपरेटर होतो, म्हणजे टायपिंग येणारा एकुलता एक माणूस. पण माहिती साठवायची ती काळी, पातळ, चौकोनी फ्लॉपी यंत्रात घालण्या-काढण्याचा हक्क बडेबाबूंनी आपल्याकडे ठेवला होता. शिकवायला आलेला माणूस जाताना सांगून गेला होता, की तांबडा दिवा लागलेला असताना फ्लॉपी काढू नका, आतलं सगळं जाईल. आम्ही ते ऐकलं आणि बडेबाबूंनी त्याचं व्रत केलं.

चपला बाहेर काढून ते यंत्रासमोर उभे राहत. दिवा विझला तरी लगेच हात लावत नसत. जरा वाकून विचारत, "झालं ना बापा? घेऊ आता?" मग खटका उघडून दोन बोटांनी फ्लॉपी अलगद ओढत, कागदी पाकिटात घालत आणि ते पाकीट धुतलेल्या पंच्यात गुंडाळून कपाटात ठेवत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हासून काऊन राह्यला? दोघायचं काम चालू हाय. जेवत्या माणसाखालचा पाट ओढतं का तू?" एकदा मधेच लाइन गेली आणि फ्लॉपी आत राहिली, तर त्या दिवशी त्यांनी स्वतःचा डबाही उघडला नाही.

हे व्रत कचेरीत मावेना. ते पवनारला राहत, आणि इंजिन चालू असताना एस.टी.तून उतरणं त्यांना पटेनासं झालं. आता पवनारच्या थांब्यावर कोणता ड्रायव्हर इंजिन बंद करतो? महिन्यातून चारदा तरी बडेबाबू थेट पुढच्या सेलूला पोचत आणि उलट्या बसने परत येत. कुणाकडे बसायला गेले की समोरचा बोलायचा थांबेपर्यंत उठत नसत. आमच्या मावशीकडे तर त्यांचा तीनदा चहा झाला, कारण मावशी थांबतच नव्हती.

मग शिक्षकांच्या बदल्यांची यादी आली. तीन आठवडे मी ती टाइप करत होतो. तिच्यात माझ्या बायकोचं नाव होतं. ती तीन वर्षं गिरडच्या शाळेत होती, लहान पोर माझ्याजवळ वर्ध्याला, आणि मायलेकींची भेट रविवारी. सगळी यादी एकाच फ्लॉपीवर होती. दुसऱ्या फ्लॉपीच्या खरेदीची फाइल मंजुरीसाठी फिरत होती. शेवटच्या दिवशी साहेब यादीची फ्लॉपी छपाईसाठी नागपूरला न्यायला घाईघाईने आत आले. जीप बाहेर घरघरत होती. दिवा लागलेला होता. साहेबांनी खटक्याला हात घातला आणि बडेबाबूंनी साहेबांचं मनगट धरलं.

"बडेबाबू, हात सोडा."

"सोडतो ना साहेब. दिवा विझू द्या पहिले."

दोन शिपाई आणि अर्धी कचेरी बघत होती. ते अर्धं मिनिट मला फार लांब वाटलं. दिवा विझला. बडेबाबूंनी यंत्राला विचारलं, फ्लॉपी काढली, पंच्यात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरली. साहेब लाल झाले होते. ते माझ्याकडे वळले, "काय हो, तुम्हाला यातलं कळतं. काढली असती तर काही बिघडलं असतं?"

यादी गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या यादीवर अजून साहेबांची सही व्हायची होती. मी म्हणालो, "नाही सर, तसं काही नाही." बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला घालायला बाहेर गेले.

महिन्याभरात दोन आदेश आले. बायकोची बदली वर्ध्याला झाली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या बडेबाबूंची जिल्ह्याच्या पार टोकाला आष्टीला, कारण 'प्रशासकीय सोय'. आष्टीच्या कचेरीत तेव्हा साधा टेबलफॅनही नव्हता.

बायको म्हणाली, पहिले पेढे बडेबाबूंना. तिला कचेरीतलं काहीच माहीत नव्हतं. पवनारला गेलो तेव्हा ते वळकटी बांधत होते. हात धुऊन त्यांनी एक पेढा घेतला, पोरीला मांडीवर बसवलं आणि म्हणाले, "बरं झालं बाप्पा. आता हिले रोज मायपाशी झोपता येते."

त्या दिवशीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढायचा ठरवून गेलो होतो, तर मी एस.टी.च्या वेळेबद्दल बोललो. पुढे आष्टीला जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि एक दिवस ते गेल्याचं कळलं. पोर आता मोठी झाली आहे. तिला एवढंच आठवतं, की एका आजोबांनी आपल्याला अर्धा पेढा भरवला होता. बाकीचं तिला सांगायला मला अजून तोंड नाही.