दादाची घरं

रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये दुपारपर्यंत रिकाम्या होतात. पण घराघरांतून आणलेले किस्से कुठे रिकामे करायचे?

माझा दादा दिल्लीतल्या द्वारकेत घरोघरी जाऊन रक्त काढायचा. मी आठवीत शाळा सोडलेला, त्याची स्कूटर चालवायचो. अडीच महिन्यांपूर्वी, मी सोबत नसताना, मानेसरच्या रस्त्यावर ट्रकने त्याला नेलं. ब्रेक लावला की मागे बसलेल्या त्याची नमुन्यांची पेटी माझ्या पाठीला लागायची. मी अजून ब्रेक हळूच दाबतो.

नवा टेक्निशियन आला, तेव्हा लॅबचे मालक मला म्हणाले, "महिनाभर बघतो. दादाची घरं टिकली तर तू टिकलास."

पण दादाची घरं टिकणार कशी? तो लोकांना टेस्ट करू नका म्हणायचा.

*

शेख काका सरकारी ऑफिसर. रिपोर्टवरही फाईलसारखं लिहायचे, "पाहिले. चर्चा करावी." एकदा कोलेस्टेरॉल वाढलं, तर शेजारी लिहिलं, "कारणे दाखवा."

दादाने खाली लिहिलं, "समोसे."

काकांनी सही केली.

*

एका मुलाने आईबाबांना लग्नाच्या वाढदिवसाला फुल बॉडी टेस्टचं पॅकेज गिफ्ट दिलं. आई दादाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी साडी दे म्हणावं. ती नेसायला उपाशी राहावं लागत नाही."

*

एक धडधाकट तरुण दर तीन महिन्यांनी बोलवायचा.

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही यार, पण पॅकेजमध्ये सत्तर टेस्ट आहेत."

"थाळीत सत्तर वाट्या आल्या, तर सगळ्या खाशील?"

त्याने बुकिंग कॅन्सल केलं. मालक आठवडाभर दादाशी बोलले नाहीत.

*

मात्र डॉक्टरांनी लिहिलेली टेस्ट दादा सोडायचा नाही. चिटणीस काकू शुगर तपासायला टाळाटाळ करत होत्या. हा त्यांच्या दारात चपलांच्या स्टँडवर बसून राहिला. शेवटी काकू म्हणाल्या, "घे बाबा रक्त, पण ऊठ. लोकांना वाटेल वसुलीवाला आलाय."

*

मालकांचा महिना संपायला एक दिवस उरला होता. बुकिंग जवळजवळ नव्हतंच. तेवढ्यात चिटणीस काकूंचा फोन आला, "उद्या सकाळी ये. पाच जणी आहोत."

नव्या टेक्निशियनला घेऊन गेलो. पाच जणी सोफ्यावर बाह्या सरकवून ओळीने बसलेल्या. रात्रीपासून उपाशी.

मी विचारलं, "कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलंय?"

एक आजी म्हणाल्या, "तूच सांग बाळा. कोणतीही चालेल. जरा महागातली बघ."

टेक्निशियनने सुई काढली होती. मी त्याचा हात धरला.

"काकू, पोहे टाका. उपाशी कशाला बसलात?"

"अरे, पण तुझे मालक तुला काढून टाकतील..."

"शेंगदाणे जास्त घाला."